जांभळी पैठणी निळी का दिसते? प्रकाश, कॅमेरा प्रोफाइल आणि रंगांची अचूकता

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. वाशीच्या सेक्टर १७ मधल्या एका साडीच्या दुकानासाठी तुम्ही ऑनलाइन विक्रीचे फोटो काढता. लाल, पिवळ्या, पोपटी साड्यांचे रंग बऱ्यापैकी जमतात, पण जांभळी पैठणी दर वेळी निळ्याकडे झुकते, आणि त्यापायी दोन साड्या परत आल्या आहेत. चोवीस रंगीत चौकोनांचा कलरचेकर तक्ता आणून तुम्ही स्वतः प्रोफाइल, म्हणजे कॅमेऱ्याचे रंग दुरुस्त करणारी फाइल, बनवले, तरी फरक थोडाच पडला. म्हणून आता दुसऱ्या कंपनीचा कॅमेरा घ्यावा का, असे तुम्ही विचारले आहे. ठाण्यात नौपाड्याला माझा लहानसा स्टुडिओ आहे आणि कापड व चित्रे यांचे मूळ रंगाशी इमान राखणारे फोटो काढणे हेच माझे मुख्य काम आहे. माझे उत्तर असे, की कॅमेरा बदलू नका. दुकानातले दिवे बाजूला ठेवून स्वतःचे चांगले दिवे वापरा आणि त्या दिव्यांखाली प्रोफाइल नव्याने बनवा. असे का, हे सविस्तर सांगतो, कारण कारण कळले नाही तर हाच प्रश्न उद्या वांगी रंगाच्या किंवा राणी रंगाच्या साडीच्या रूपाने पुन्हा समोर येईल.

सुरुवात कॅमेऱ्यापासून न करता मॅचिंग सेंटरपासून करतो. साडीवर ब्लाउजपीस घ्यायला गेलेल्या प्रत्येक बाईला हा अनुभव आहे, की काउंटरवर ट्यूबलाइटखाली जो पीस साडीशी तंतोतंत जुळलेला वाटतो, तोच दुकानाच्या दारात उजेडात नेला की वेगळा पडतो. जुना, जाणकार दुकानदार म्हणूनच साडी आणि पीस दोन्ही घेऊन स्वतः पायरीवर येतो. दोन कापडांचे रंग वेगवेगळ्या रसायनांनी बनलेले असतात आणि ते वर्णपटाचे वेगवेगळे भाग परत फेकतात; एका प्रकाशात त्यांचा डोळ्यावरचा परिणाम सारखा येतो, दुसऱ्या प्रकाशात येत नाही. या प्रकाराला मेटामेरिझम म्हणतात. आपल्या कामात अडचण अशी आहे, की कॅमेरा हा त्या दुकानात आलेला तिसरा गिऱ्हाईक आहे आणि त्याचे डोळे आपल्यासारखे नाहीत.

कॅमेऱ्याने माणसासारखेच रंग पाहावेत यासाठी काय लागेल, हे रॉबर्ट लुथर यांनी १९२७ सालीच मांडले होते. सेन्सरच्या लाल, हिरव्या आणि निळ्या फिल्टरांची संवेदनशीलता अशी हवी, की त्यांची ठरावीक प्रमाणात बेरीज-वजाबाकी केल्यावर मानवी दृष्टीचे वक्र जसेच्या तसे मिळावेत. बाजारात मिळणारा कोणताही सर्वसाधारण कॅमेरा ही अट पूर्णपणे पाळत नाही, कारण तसे फिल्टर बनवताना प्रकाश वाया जातो, अंधुक उजेडातला नॉइज (फोटोतला दाणेदारपणा) वाढतो, आणि बहुतेक गिऱ्हाइकांना नॉइज कमी हवा असतो. त्यामुळे डोळ्याला वेगळे दिसणारे काही रंग कॅमेऱ्याला सारखे दिसतात आणि डोळ्याला सारखे दिसणारे काही रंग कॅमेऱ्याला वेगळे दिसतात. प्रोफाइल म्हणजे या तफावतीवर केलेला सरासरीचा तोडगा होय. सेन्सरने नोंदलेल्या तीन आकड्यांवरून मूळ रंग कोणता असावा, याचा तो एक शिस्तबद्ध अंदाज असतो. जी माहिती सेन्सरपर्यंत पोहोचलीच नाही, ती कोणत्याही प्रोफाइलला परत आणता येत नाही.

आता तुमच्या जांभळ्याकडे येतो. या रंगात तीन अडचणी एकाच वेळी येतात, म्हणून तो कॅमेऱ्यासाठी सर्वांत अवघड रंगांपैकी एक आहे. जांभळे कापड मधला हिरवा-पिवळा भाग शोषून घेते आणि वर्णपटाची दोन टोके परत पाठवते: एकीकडे निळा-जांभळा आणि दुसरीकडे, बहुतेक वेळा ६२० नॅनोमीटर तरंगलांबीच्या पुढचा, गडद तांबडा. पहिली अडचण दिव्याची आहे. दुकानांतल्या साध्या एलईडीमध्ये मुळात निळा दिवा असतो आणि त्यावरचा पिवळा लेप उरलेला प्रकाश तयार करतो. त्याच्या वर्णपटात ४५० नॅनोमीटरजवळ उंच सुळका, ४८० जवळ खड्डा, मग पिवळ्या-नारिंगी भागात रुंद फुगवटा आणि ६२० च्या पुढे उतार असतो. म्हणजे जांभळ्या कापडाला निळा प्रकाश भरपूर मिळतो आणि तांबडा जेमतेम. कापडाने तांबडे परत पाठवावे कुठून? दुसरी अडचण सेन्सरसमोरच्या इन्फ्रारेड अडवणाऱ्या फिल्टरची. तो अनेक कॅमेऱ्यांत साधारण ६५० नॅनोमीटरच्या आसपासच गडद तांबडा प्रकाश कापू लागतो, त्यामुळे उरलेल्या थोड्या तांबड्यातूनही काही भाग जातो. तिसरी अडचण अधिक सूक्ष्म आहे. सीआयई या प्रकाश व रंगांची प्रमाणे ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने १९३१ साली मानवी दृष्टीचे जे प्रमाण ठरवले, त्यातल्या तांबड्या बाजूच्या वक्राला ४४५ नॅनोमीटरच्या आसपास दुसरा, लहान उंचवटा आहे. आपल्याला जांभळ्यात लालसर झाक दिसते त्यामागे हेही एक कारण आहे. बहुतेक कॅमेऱ्यांच्या लाल फिल्टरमध्ये हा उंचवटा नसतो, किंवा असला तरी त्याचा आकार वेगळा असतो. या तिन्ही गोष्टी जांभळ्याला एकाच दिशेने, निळ्याकडे, ढकलतात. लाल आणि पिवळ्या साड्यांमध्ये असा तिहेरी योग येत नाही, म्हणून त्या तुम्हाला जमतात.

यातल्या दुसऱ्या आणि तिसऱ्या अडचणीवर प्रोफाइल काही प्रमाणात उपाय करते. पहिलीवर मात्र ते जवळजवळ हतबल असते, आणि तुम्ही नेमके तिथेच अडला आहात. दुकानात कोणता दिवा आहे ते पाहायचे असेल तर जुन्या सीडीचा तुकडा काळ्या पुठ्ठ्याच्या खोक्यात तिरपा बसवा, समोर ब्लेडने बारीक फट पाडा आणि फटीतून दिव्याचा उजेड आत घ्या. नौपाड्यातल्या माझ्या खिडकीतून येणारा दिवसाचा उजेड या खोक्यात जांभळ्यापासून गडद तांबड्यापर्यंत अखंड पट्टा दाखवतो. स्वस्त एलईडी ट्यूब लावली की निळ्यानंतर काळपट खाच दिसते आणि तांबडे टोक लवकर विझते. हे एकदा डोळ्यांनी पाहिले की दिव्याच्या खोक्यावरचे आकडे वाचायची सवय आपोआप लागते.

दिव्याच्या खोक्यावर बहुधा सीआरआय, म्हणजे दिव्याखाली रंग किती खरे दिसतात याचा शंभरपैकी आकडा, ८० किंवा ९० असा लिहिलेला असतो. हा आकडा आठ फिकट, सौम्य नमुन्यांची सरासरी असतो आणि भडक तांबड्याचा नमुना, ज्याला आर-नऊ म्हणतात, त्या सरासरीत धरलेलाच नसतो. त्यामुळे सीआरआय ८० असलेल्या दिव्याचा आर-नऊ शून्याच्या जवळपासही असू शकतो. साड्यांसाठी दिवे घेताना सीआरआय ९५ किंवा अधिक आणि आर-नऊ ९० च्या पुढे, असे दोन्ही आकडे विक्रेत्याकडून लेखी घ्या. आर-नऊ न सांगणारा दिवा घेऊ नका. माझी स्वतःची पसंती मात्र स्टुडिओ फ्लॅशलाच आहे. झेनॉन नळीचा वर्णपट दिवसाच्या उजेडासारखा सलग असतो, आणि फ्लॅशचा झोत इतका तीव्र असतो की दुकानातल्या बाकीच्या दिव्यांचा प्रभाव शटर आणि अॅपर्चर नीट ठरवल्यास नगण्य होतो. फक्त एकदा ठरवलेली पॉवर दिवसभर बदलू नका, कारण पॉवर बदलली की रंगतापमानही, म्हणजे प्रकाशाचा पिवळेपणा-निळेपणा, थोडे सरकते.

दिवे आणल्यानंतरही दुकानात एक जागा सांभाळावी लागेल, ती म्हणजे आजूबाजूची. साडीच्या दुकानात पांढऱ्या चादरीची गादी असते, पाठीमागे कपाटभर रंगीत घड्या असतात आणि बाजूला नुकत्याच उलगडलेल्या चार साड्यांचा ढीग असतो. लाल ढिगावरून उसळलेला प्रकाश शेजारच्या क्रीम साडीच्या निऱ्यांत गुलाबी सावली टाकतो, आणि ती झाक साडीच्या एकाच बाजूला असल्याने व्हाइट बॅलन्सने, म्हणजे संपूर्ण फोटोची रंगझाक काढणाऱ्या दुरुस्तीने, जात नाही. माझ्याकडे हे वेगळ्या रीतीने घडले. मी खिडकीच्या उजेडात काम करीत असताना समोरच्या इमारतीला नारिंगी रंग दिला गेला. त्यानंतर दुपारी, ऊन त्या भिंतीवर आले की, पांढऱ्या कापडाच्या खिडकीकडच्या घड्या उबदार आणि आतल्या घड्या थंड दिसू लागल्या. मी रोज सकाळी कामाआधी आणि दुपारी जेवणानंतर कलरचेकरचा एक फोटो काढून ठेवतो. दोन्ही फोटोंतल्या करड्या चौकोनांचे आकडे वेगळे आले, तेव्हा कारण लक्षात आले. तेव्हापासून महत्त्वाचे काम जाड पडदा लावून फ्लॅशवरच करतो. तुम्ही दुकानात काम करता, तर साडीच्या दोन्ही बाजूंना आणि वरती करड्या किंवा काळ्या कापडाचे पडदे उभे करा. पावसाळ्यात तर हे हवेच, कारण ढगांमुळे बाहेरचा उजेड मिनिटामिनिटाला बदलतो आणि काचेच्या दारातून आत येऊन तुमच्या दिव्यांत मिसळतो. दोन भिन्न प्रकाशांची सरमिसळ झाली की तिच्यासाठी योग्य असे एक प्रोफाइल अस्तित्वातच नसते.

आता व्हाइट बॅलन्स आणि प्रोफाइल यांतला फरक, कारण तुमच्या वर्णनात या दोन गोष्टी एक झालेल्या दिसतात. व्हाइट बॅलन्स फक्त करड्या रंगाला करडा करतो. करडा बिनचूक आला म्हणून जांभळा बिनचूक येईल, असे मुळीच नाही; बाकीच्या रंगांना जागेवर बसवण्याचे काम प्रोफाइलचे आहे. व्हाइट बॅलन्ससाठी तुम्ही झेरॉक्सचा पांढरा कागद वापरता, ते थांबवा. त्या कागदात उजळपणा आणणारी रसायने असतात. ती अतिनील किरण शोषून निळा प्रकाश बाहेर टाकतात, आणि म्हणून त्यावरून घेतलेल्या व्हाइट बॅलन्सने संपूर्ण फोटो किंचित पिवळा पडतो. कलरचेकरच्या खालच्या ओळीतला, पांढऱ्याच्या शेजारचा फिकट करडा चौकोन यासाठी वापरावा.

कलरचेकर हा तक्ता मॅककॅमी, मार्कस आणि डेव्हिडसन यांनी १९७६ साली मांडला आणि त्याचे चोवीस चौकोन त्वचा, आकाश, पाने, निळे फूल अशा नेहमीच्या गोष्टींचे रंग डोळ्यांसमोर ठेवून निवडलेले आहेत. पैठणीचे रेशीम त्यात नाही, हे विसरू नये. तक्ता साडीच्याच पातळीत, फ्रेमच्या मध्यभागी ठेवा. दिवे दोन्ही बाजूंनी साधारण ४५ अंशांत असू द्या, म्हणजे चौकोनांवर चकाकी येणार नाही. तक्त्याच्या जागी आधी एक करडे कार्ड धरून चारही कोपऱ्यांत प्रकाश समान आहे का ते तपासा. एक्स्पोजर असे हवे, की रॉ फाइलमध्ये (सेन्सरच्या मूळ नोंदीत) पांढरा चौकोन फुटणार नाही, म्हणजे जास्त उजेडाने त्यातला तपशील जाणार नाही. सरळ, कॉन्ट्रास्ट न वाढवलेल्या रूपांतरात खालच्या ओळीतल्या सहा चौकोनांचे आकडे एसआरजीबीमध्ये (स्क्रीन व इंटरनेटवर सर्रास चालणाऱ्या रंगप्रमाणात) साधारण २४३, २००, १६०, १२२, ८५ आणि ५२ यायला हवेत. हे आकडे लिहून स्टुडिओत लावून ठेवा, फार उपयोगी पडतात. तक्ता जुना बाजारातून घेतला असेल तर आणखी एक खबरदारी घ्यावी लागेल. २०१४ च्या नोव्हेंबरपासून त्याच्या रंगांचे मिश्रण बदलले आहे, त्यामुळे जुन्या तक्त्याला नवे संदर्भमूल्य लावले तर प्रोफाइल मुळातच चुकते. आणि चौकोनांना बोट लावू नका. आपल्याकडच्या दमट हवेत तेलकट डागावर बुरशी धरायला वेळ लागत नाही.

लाइटरूम या फोटो-सॉफ्टवेअरमध्ये कॅमेऱ्याचे जे तयार प्रोफाइल असते ते सहसा दोन प्रकाशांसाठी बनवलेले असते: एक २८५६ केल्विनचा (केल्विन हे रंगतापमानाचे एकक) टंग्स्टन दिवा आणि दुसरा ६५०४ केल्विनचा दिवसाचा उजेड. तुमचा व्हाइट बॅलन्स मधल्या कुठल्या तरी आकड्यावर असेल, तर सॉफ्टवेअर या दोन टोकांमधला मध्य काढते. दोन्ही प्रकाशांचे वर्णपट सलग असल्याने ही रीत दिवसाच्या उजेडाला आणि फ्लॅशला चांगली लागू पडते. एलईडीला मात्र नाही, कारण ५००० केल्विनची एलईडी ट्यूब आणि ५००० केल्विनचे ऊन यांचा आकडा सारखा असला तरी वर्णपट सारखे नसतात. म्हणून स्वतःच्या दिव्याखाली स्वतःचे, एकाच प्रकाशासाठीचे प्रोफाइल बनवणे योग्य ठरते. कॅप्चर वन हे सॉफ्टवेअर वापरत असाल तर आयसीसी प्रकारचे प्रोफाइल लागेल, लाइटरूमला डीसीपी प्रकारचे लागेल. डीकॅमप्रॉफ किंवा लुमारिव्हर या प्रोफाइल बनवणाऱ्या सॉफ्टवेअरमधून दोन्ही बनवता येतात.

प्रोफाइल बनवताना मॅट्रिक्स (सर्व रंगांना एकच गणिती सूत्र) आणि लुक-अप टेबल (रंगागणिक वेगळी दुरुस्ती) असे दोन पर्याय समोर येतात. चोवीस चौकोनांवरून मोठे टेबल बनवण्याचा मोह टाळा. असे प्रोफाइल त्या चोवीस रंगांवर सुरेख आकडे दाखवते, पण मधल्या छटांमध्ये वेडीवाकडी वळणे घेते, आणि पदरावर गडदाकडून फिक्याकडे जाणारी छटा एखाद्या ठिकाणी तुटल्यासारखी दिसते. साधे मॅट्रिक्स प्रोफाइल थोडे कमी अचूक पण सर्वत्र सुसंगत असते, आणि कापडासाठी मी तेच पसंत करतो. सॉफ्टवेअर शेवटी डेल्टा ई २००० ची, म्हणजे मूळ रंग आणि फोटोतला रंग यांतल्या फरकाच्या मापाची, सरासरी दाखवेल. साधारण १ म्हणजे नजरेला जेमतेम कळणारा फरक. चोवीस चौकोनांवर सरासरी १ ते २ च्या दरम्यान आली तर काम चांगले झाले असे समजा. पण ज्या चौकोनांवरून प्रोफाइल बनले, त्यांच्यावरच घेतलेली ही परीक्षा आहे. खरी परीक्षा बाहेरच्या रंगांवर घ्यावी. मी फॉल-पिकोवाल्याकडून रेशमी दोऱ्यांची बारा रिळे आणली आहेत: राणी, डाळिंबी, अबोली, आंबा, पोपटी, मोरपंखी, चिंतामणी, वांगी, जांभळा आणि आणखी तीन. नवे प्रोफाइल झाले की ती ओळीने मांडून फोटो काढतो आणि कॅलिब्रेट केलेल्या स्क्रीनशेजारी चांगल्या दिव्याखाली रिळे ठेवून एकेक ताडून पाहतो. जांभळे आणि वांगी रीळ निळ्याकडे गेलेले दिसले, तर फक्त त्या रंगपट्ट्यात ह्यू (रंगाची जात) थोडा तांबड्याकडे सरकवून तो बदल प्रीसेट म्हणून जपून ठेवतो. हे मोजमापाच्या शास्त्रात बसत नाही असे कोणी म्हणेल, पण लुथरची अट न पाळणाऱ्या कॅमेऱ्यासमोर हा प्रामाणिक मार्ग आहे, फक्त तो दिवे आणि प्रोफाइल ठीक केल्यानंतर वापरावा.

कॉन्ट्रास्टच्या वक्राकडे फार थोडे लोक लक्ष देतात. रॉ सॉफ्टवेअर आपणहून जो एस-आकाराचा वक्र लावते, त्याने फोटो देखणा होतो, पण रंग अधिक गडद व भडक होतात. अचूकतेच्या कामात सरळ वक्र निवडा आणि मग लागेल तेवढीच उठावदारी हाताने द्या. कॅमेरा कंपन्यांच्या रंगांविषयी जे वाद चालतात, त्यांचा मोठा भाग याच वक्राचा आणि कंपनीने ठरवलेल्या रुचीचा असतो. सेन्सरमध्ये फरक असतात, परंतु दोन्ही कॅमेऱ्यांना एकाच प्रकाशात, एकाच पद्धतीने बनवलेली प्रोफाइल लावली की त्यातले बहुतेक मिटतात. म्हणूनच मी तुम्हाला नव्या कॅमेऱ्यावर पैसे घालू नका म्हणतो. त्याच्या काही अंशात दोन उत्तम फ्लॅश आणि स्क्रीन मोजण्याचा कलरीमीटर येईल. स्क्रीन ६५०० केल्विन, गॅमा २.२ आणि १०० ते १२० कँडेला प्रति चौरस मीटर एवढ्या उजेडावर ठेवा. ती याहून बरीच प्रखर असेल तर तुम्ही प्रत्येक फोटो नकळत काळपट कराल.

पैठणीच्या बाबतीत एक गोष्ट कोणत्याही प्रोफाइलच्या पलीकडची आहे. धूपछांव विणीत उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या रंगाचा असतो. जांभळ्या साडीत ताणा निळा आणि बाणा लाल असू शकतो. अशा कापडाला एकच रंग नसतो. समोरून प्रकाश टाकला तर एक धागा वरचढ होतो, बाजूने टाकला तर दुसरा. तुमची परत आलेली साडी या जातीची असेल तर सपाट पसरून काढलेल्या एका फोटोत ती खरी दिसणे शक्यच नाही. एक फोटो सपाट काढा, दुसरा निऱ्या घालून, ज्यात दोन्ही रंग एकाच चौकटीत दिसतील, आणि विक्रीच्या वर्णनात दोन्ही धाग्यांचे रंग शब्दांत लिहा. जरीच्या बाबतीतही असेच आहे. ती समोर जे असेल ते आरशासारखी दाखवते, म्हणून जरीच्या समोर मोठा पांढरा पृष्ठभाग येईल अशी मांडणी करावी आणि प्रोफाइलकडून तिथे काही अपेक्षा ठेवू नये.

शेवटी फाइल एसआरजीबीमध्ये बदलून, प्रोफाइल जोडून द्या. मोरपंखीच्या काही छटा एसआरजीबीत मावत नाहीत, तिथे थोडी तडजोड अटळ आहे. राणी आणि लाल रंगात लाल चॅनेल एकटाच फुटतो आणि विणीचा पोत नाहीसा होतो; म्हणून हिस्टोग्राम (उजेडाच्या वाटणीचा आलेख) लाल, हिरवा, निळा या तिन्ही चॅनेलांचा वेगवेगळा पाहून त्या साडीपुरती सॅच्युरेशन कमी करा. गिऱ्हाइकाचा फोन व्हिव्हिड मोडवर किंवा रात्रीच्या पिवळ्या प्रकाशावर असेल, तर ते तुमच्या हातात नाही. त्यासाठी मी प्रत्येक साडीच्या एका फोटोत साडीवर ठेवलेला हात आणि पांढऱ्या सुती कापडाची कड घेतो. हाताचा रंग सर्वांच्या ओळखीचा असतो, त्यामुळे फोन रंग किती बदलतो आहे याचा अंदाज पाहणाऱ्याला येतो.

प्रोफाइल किती वेळा बनवावे, असेही तुम्ही विचारले होते. दिवा, दिव्यावरची छत्री किंवा सॉफ्टबॉक्स आणि लेन्स यांपैकी काही बदलले तर नवे बनवा. सॉफ्टबॉक्सचे पांढरे कापड वर्षा-दोन वर्षांत पिवळे पडते, तेही बदल म्हणूनच धरा. एरवी रोजच्या कामाच्या सुरुवातीला तक्त्याचा एक फोटो काढून करड्या ओळीचे आकडे पाहिले, आणि ते दोन-तीन अंकांच्या आत राहिले, तर जुनेच प्रोफाइल चालू ठेवायला हरकत नाही.